टाच आधी की खांदा

दाजींचं नाक मी मोडलं. म्हणजे हात दुसऱ्याचा होता आणि रक्त दाजींचं, पण काम माझंच.

झालं असं. उपांत्य लढतीच्या आदल्या दुपारी दाजी गॅरेजात एका गाडीच्या दाराचा पोचा काढत होते आणि मी शेजारी पालथ्या बादलीवर वही घेऊन बसलो होतो. शारीरिक शिक्षणाच्या पदविकेचं माझं शेवटचं वर्ष. प्रकल्प करायचा होता: एका खेळाडूच्या एका कौशल्याचं बारकाईनं निरीक्षण. बहिणीचा नवराच बॉक्सर असल्यावर गावभर खेळाडू शोधत कोण फिरणार? मी वहीत उभी रेघ मारली, पेन्सिलीला टोक काढलं आणि विचारलं, "दाजी, तुमचा तो डावा ठोसा सुटतो ना, तेव्हा आधी टाच उचलते की आधी खांदा फिरतो?"

हातोडी वर गेलेली होती. ती वरच राहिली.

"काय माहीत," दाजी म्हणाले. "उद्या बघून सांगतो."

झालं. अकरा वर्षं हा माणूस तो ठोसा मारत होता आणि एकदाही त्यानं तो बघितला नव्हता. त्याची गरजच पडली नव्हती. ठोसा बघायचं काम समोरच्याचं, आणि त्यालाही तो फार वेळ दिसत नसे. मी मात्र शिकलेला ना! खाजवून खरूज काढायची विद्या आम्हाला पदविकेच्या पहिल्याच वर्षी शिकवतात.

दाजींची ओळख करून द्यायची तर पत्र्यापासून सुरुवात करावी लागते. चौदाव्या वर्षी शाळेनं त्यांना सोडलं की त्यांनी शाळेला, याबद्दल दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं आहे. तेव्हापासून ते ठोकलेल्या गाड्या सरळ करतात. जेवतात उजव्या हातानं आणि ठोकतात डाव्या. पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून हातोडी घालायची, आणि बघायचं नाही, ऐकायचं. पोचा असेल तिथं आवाज बद्द येतो, पत्रा जागेवर आला की आवाज उघडतो. डोळे मिटून हाताचा तळवा फिरवतील आणि सांगतील, इथं केसभर राहिलंय. गाड्या येतात त्याही कशा! कुणाचं स्टिअरिंग छातीत घुसलेलं, कुणाच्या काचेत केस अडकलेले. एकदा सीटखाली दात सापडला. दाजींनी तो कागदात गुंडाळून गाडीच्या खणात ठेवला. मालक आला तर लागेल, म्हणाले.

ताईचं लग्न जमलं तेही पत्र्यावरूनच. वडिलांची जुनी गाडी ताईनं फाटकावर घातली होती. हा डेंटर दुरुस्तीला आला, दिवसभर ताईशी वाद घातला की चूक फाटकाची नव्हती, आणि संध्याकाळपर्यंत गाडी नवी झाली. वाद अजून चालू आहे. फाटक मात्र मेलं.

संध्याकाळी दाजी कामगार मंडळाच्या बॉक्सिंगच्या खोलीत असत. पूर्वीचं ते गोदाम. भिंतीला घामाचा वास, छताला साखळीनं टांगलेली ठिगळांची बॅग, आणि एक मास्तर, ज्यांचे दोन्ही कान लहानपणीच कुणीतरी चुरगळून परत चिकटवल्यासारखे. मास्तरांचा तिथं एक नियम होता. जो हरेल त्यानं जिंकणाऱ्याच्या हाताच्या पट्ट्या घरी न्यायच्या, धुवायच्या, वाळवायच्या आणि गुंडाळी करून स्वतः नेऊन द्यायच्या. मारामारी गोदामात संपली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याचं रक्त आणि आपलं रक्त एकाच बादलीत पिळलं की राग आपोआप उतरतो म्हणे. दाजींच्या दांडीवर परक्या पट्ट्या फार कमी वेळा वाळल्या होत्या.

तर, दुसऱ्या दिवशी समोर कपाट होता. माल चढवणारा हमाल. खरं नाव कुणी घेत नसे, कारण दारातून आत येताना तो आडवा होऊन यायचा. जड, संथ, मार खाऊन उभा राहणारा. असल्या माणसासाठीच दाजींचा डावा होता. समोरच्याचा उजवा हात पोटाकडे जरा उतरला की दाजींचा डावा कोपरातून वाकून बाजूनं यायचा आणि जबड्यावर बसायचा. आवाज पत्रा जागेवर आल्यासारखा.

पहिल्याच मिनिटाला कपाटाचा हात उतरला. मी उभाच राहिलो. आणि दाजींनी खाली, स्वतःच्या टाचेकडे बघितलं.

क्षणभरच. पण कपाटाला संथपणातही तेवढा वेळ पुरला. उजवा सरळ आला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि दाजींचं नाक गालाच्या बाजूला गेलं. रक्त आधी थेंब थेंब, मग धारेनं. ते मागे सरकले, पुन्हा डावा उचलला, पुन्हा तो मध्येच थांबला, जणू कुठल्या पत्त्यावर जायचं ते विसरला. कपाटानं बरगडीत दोन घातले, कानावर एक. दाजी दोरांवर रेलले. डोळे उघडे होते, पण त्यांत लढाई नव्हती, हिशेब होता. टाच, खांदा, टाच, खांदा. तिसऱ्यांदा खाली पडले तेव्हा मास्तरांनी टॉवेल फेकला. पहिल्या रांगेतल्या एका बाईच्या पदरावर रक्ताचे शिंतोडे होते, आणि ती ते पुसायचं सोडून बघत होती.

दवाखान्यात नाकात बोळे कोंबून बसलेल्या दाजींनी मला जवळ बोलावलं. घोगऱ्या आवाजात, अगदी शांतपणे म्हणाले, "मेव्हणे, एक डावा तुमचा माझ्याकडे राहिला. आता हात चालत नाही. चालायला लागला की देतो."

चिडले नसते तर 'तू' म्हणाले असते. 'मेव्हणे' आणि 'तुमचा' ऐकून मी स्टूल त्यांच्या डाव्या हातापासून लांब सरकवलं.

मला वाटलं, नाक बसलं की डावाही बसेल. तो बसला नाही. सरावात ठिगळांच्या बॅगेवर अजूनही दणकत होता. पण समोर माणूस आला, चार लोक बघायला बसले, की दाजींच्या कपाळावर घाम यायचा, जीभ कोरडी पडायची आणि डावा अर्ध्यावर थबकायचा. पुढच्या दोन लढती त्यांनी नुसत्या उजव्या हातानं लढल्या आणि दोन्हींत मार खाल्ला. एकात भुवई फाटली, सहा टाके. दुसऱ्यात लघवीतून रक्त आलं. दांडीवर परक्या पट्ट्या, पुन्हा परक्या पट्ट्या. ताई त्या काढायची आणि गुंडाळताना इतक्या घट्ट आवळायची की वाटावं कुणाचा तरी गळा आहे. बहुतेक माझाच असावा.

इथवरही निभावलं असतं. पण भीती ही गोदामात राहणारी वस्तू नाही. ती हातासोबत कामावर गेली.

एका सकाळी दाजींनी हातोडी उचलली आणि पत्र्यावर घालण्याआधी तिच्याकडे बघितलं. ती अंगठ्यावर बसली. नख उकलून उभं राहिलं. पुढच्या आठवड्यात एक बॉनेट त्यांनी गरजेपेक्षा जास्त ठोकलं. जास्त ठोकलं की पत्रा ताणतो, मग तो डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टकटकत राहतो, कधीच बसत नाही. दाजींनी त्यावर हात दाबला, टक. पुन्हा दाबला, टक. आणि मग त्यांनी मोठा हातोडा घेतला आणि ते बॉनेट फोडलं. पोचा पाडला, भोक पाडलं, भोकाच्या कडा आत वळवल्या. पत्र्याची धार लागून मनगट कापलं तरी थांबेनात. नेमका तेव्हाच गाडीमालक आला. पोटावर शर्टाची बटणं ताणलेला तो माणूस ओरडतच धावला, त्यानं दाजींची गचांडी धरली आणि आईवरून शिवी दिली.

दाजींचा डावा उठला. मी म्हटलं, मेला हा.

डावा खांद्यापर्यंत आला आणि थांबला. दाजी त्याच्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसे. गाडीमालकानं आयुष्यात कुणाला मारलं नसावं, बुक्का अगदी बाळबोध होता. तरी दाजींचा ओठ फाटला. अकरा वर्षं मुरलेल्या बॉक्सरला बटणं ताणलेल्या माणसानं पाडलं आणि तो स्वतःच घाबरून मागे सरला.

गॅरेजच्या मालकीणबाईंनी सगळं खिडकीतून पाहिलं होतं. कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी दाजींना पुसायला फडकं दिलं आणि सांगितलं की महिनाअखेरपर्यंत हात ताळ्यावर आला तर ठीक, नाहीतर दुसरा डेंटर बघावा लागेल. बारा वर्षांचं काम आहे म्हणून महिना, नाहीतर आजच.

त्या दिवशी घरी कुणी जेवलं नाही. ताई म्हणाली, "महिनाअखेरीला पुन्हा कपाटाशी लढत आहे ना? ती शेवटची. त्यात डावा सुटला तर सुटला. नाहीतर हातमोजे मी भंगारात देणार. निदान हातोडी तरी वाचेल."

"नाही वाचली तर?" दाजींनी विचारलं.

ताईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. दाजी ताटाकडे बघत म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही."

एवढंच. मी अपराधी तोंडानं खोलीत गेलो आणि पहिल्यांदा पाठ्यपुस्तक उघडलं. सातवं प्रकरण. ते आम्ही कुणी वाचलं नव्हतं, कारण सर म्हणाले होते, परीक्षेला येत नाही. त्यात काळ्यावर पांढरं नव्हे, पांढऱ्यावर काळं लिहिलं होतं की जे काम हाताला पाठ झालंय, त्यावर धास्तीपोटी डोकं पहारा करू लागलं की हात अडखळतो. नवशिक्यानं लक्ष दिलं तर सुधारतो, मुरलेल्यानं लक्ष दिलं तर बिघडतो. थोडक्यात, माझा प्रश्न छापील होता आणि त्याचा परिणामही.

उपाय मात्र त्या पानावर नव्हता, तो पुढच्या पानावर असावा, आणि पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. मग मीच सुरू झालो. दाजींना दीर्घ श्वास घ्यायला लावले, त्यांना चक्कर आली. डोळे मिटून यशाचं चित्र बघायला सांगितलं, त्यांना झोप लागली. "टाचेचा विचार करू नका" असं रोज दहादा बजावलं. त्यावर ते म्हणाले, "तू सांगेपर्यंत करत नव्हतो."

महिना संपायला नऊ दिवस राहिले तेव्हाची गोष्ट. ताई दुपारचा डबा घेऊन गॅरेजात आली. मी होतोच. दाजी एका पांढऱ्या गाडीच्या मडगार्डसमोर ठोकळा धरून बसले होते, एक घाव घालायचे, बघायचे, पुसायचे, पुन्हा बघायचे. पत्रा बद्द. ताईनं डबा ठेवला आणि सहज सांगितलं की आई येतेय, पंधरा दिवस राहील.

दाजी म्हणाले, मागच्या वेळी पंधराचे चाळीस झाले होते. ताई म्हणाली, तुमच्या भावाचे किती झाले ते सांगू का. दाजी म्हणाले, भाऊ आला तेव्हा त्यानं माझ्या उशीवर हक्क सांगितला नव्हता. तिथून गाडी फाटकावर गेली, फाटकावरून लग्नातल्या कुणाच्या तरी चपलांवर. आणि या सगळ्यात हातोडी चालली होती. टक टक टक टक. एका लयीत, न बघता. दाजींची मान ताईकडे, तोंडात आमची आई, आणि डाव्या हाताखाली पत्र्याचा आवाज हळूहळू उघडत होता. ताई रागानं निघून गेली तेव्हा मडगार्ड आरशासारखं झालं होतं. दाजींनी त्याकडे बघितलं, दचकले, पुढचा घाव घातला आणि एक नवा पोचा पाडला.

मी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. माझ्या बोलण्यानं काय होतं ते एव्हाना मला समजलं होतं.

लढतीच्या दिवशी मास्तरांच्या हाताखाली पाण्याची बादली माझ्याकडे होती. नात्याचा मान म्हणून. पहिल्या फेरीचं वर्णन करण्यासारखं फार नाही. कपाट आला आणि त्यानं मारलं. जुन्या नाकावर मारलं, टाके पडलेल्या भुवईवर मारलं, ती उघडली. दाजींचा डावा छातीला चिकटलेला, पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा फडफडायचा आणि गप्प बसायचा. लोक ओरडत होते, डावा मार, डावा! मास्तर ओरडत होते, टाच उचल, टाच! मला मास्तरांच्या तोंडात बादली कोंबावीशी वाटली.

घंटा झाली. दाजी स्टुलावर कोसळले. दातांवरचं रबर काढलं तर त्याला रक्ताची तार आली. मास्तर भुवईवर कापूस दाबत होते. मी दाजींच्या कानाशी वाकलो आणि जे बोललो ते बोलायला पाच दिवस धीर गोळा केला होता.

"दाजी, त्या पांढऱ्या गाडीचं मी मालकाला सांगून टाकलं. म्हटलं, तुम्ही आधी दार बसवणार आणि मग दाराशेजारचा वाकलेला खांब ओढणार."

कानात रक्त गेलेल्या माणसानं मान वळवली. "काय सांगितलंस?"

"आधी दार. मग खांब. तो म्हणाला, बरोबर आहे."

"अरे गाढवा, खांब वाकलेला असताना दार बसेल कुठे? तुझ्या डोक्यावर?"

"असं कसं? मालकीणबाईपण म्हणाल्या की..."

"काय म्हणाल्या?"

घंटा झाली. मी रबर त्यांच्या दातांवर दाबलं आणि त्यांना उठवून ढकललं.

दुसऱ्या फेरीत दाजी बडबडत गेले. रबरामुळे शब्द कळत नव्हते, पण खांब, दार आणि गाढव एवढं पहिल्या रांगेपर्यंत पोहोचत होतं. पंचांनी एकदा थांबवून गप्प राहायला सांगितलं. कपाटाला वाटलं, शिव्या आपल्याला आहेत. त्याचा चेहरा रागानं फुलला, तो उजव्या हातानं पोटावर मारायला वाकला, हात उतरला. आणि दाजींनी मान कोपऱ्याकडे, माझ्याकडे वळवली, मला आणखी काहीतरी सांगायला. न बघता त्यांचा डावा गेला.

आवाज उघडा होता. कपाटाचा जबडा एका बाजूला गेला, डोळे दुसऱ्या. रबर उडून माझ्या बादलीत पडलं. गुडघे आधी वाकले, मग तो पूर्ण, आणि फळ्यांखालून धूळ उडाली. पंच आठपर्यंत मोजेपर्यंत तो उठला, कारण कपाट तो कपाटच. पण तोंडातून फेस आणि रक्त एकत्र येत होतं. दाजी स्वतःच्या हाताकडे बघायला निघाले. मी कोपऱ्यातून ओरडलो, "आणि बिजागरीचं काय?" त्यांची नजर हातावरून उडाली.

तिसऱ्या फेरीत शास्त्र उरलं नव्हतं. दोघं एकमेकांना मारत होते, जवळून, कपाळाला कपाळ लावून. डावा सुटला, पुन्हा सुटला. कपाटाचा एक डोळा मिटला. दाजींच्या बरगडीत काहीतरी मोडलेलं मला बादलीजवळ ऐकू आलं. शेवटची घंटा झाली तेव्हा दोघं पडू नयेत म्हणून एकमेकांना धरून उभे होते आणि तेवढ्यातही दाजी त्याच्या कानात काहीतरी समजावत होते. नंतर कपाटानं मला विचारलं, खांब म्हणजे कुठला?

निकाल कपाटाच्या बाजूनं लागला. तीनपैकी दोन पंचांनी पहिली फेरी जड धरली. बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी ताई अंगणात आली तर दांडीवर कपाटाच्या पट्ट्या वाळत होत्या आणि दाजी बरगड्यांना फडकं बांधून मोरीत स्वतःच्या पिळत होते. तिचा चेहरा उतरला. दाजींनी ओल्या हातानंच तिला सांगितलं की तुझ्या भावाला गाडीतलं काडीचंही कळत नाही. आणि सांगता सांगता डाव्या हातानं हवेत ते दाखवलं, कोपर वाकवून, बाजूनं. ताईनं तो हात बघितला. मग पट्टी दांडीवरून काढून ती सैल गुंडाळू लागली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पांढऱ्या गाडीचा खांब आधी ओढला गेला, मग दार बसलं. मालकीणबाईंनी ते दोनदा उघडून लावून पाहिलं आणि खिडकीत परत गेल्या. गॅरेजात आता एक रेडिओ आणलाय, तो दाजींना आवडत नाही, म्हणून लावतात. त्याच्याशी भांडत ठोकणं बरं चालतं. लढतीला मात्र कोपऱ्यात मीच लागतो. दर वेळी नवीन गाढवपणा शोधायचा म्हणजे अभ्यास करावा लागतो. पदविकेचा प्रकल्प मी लंगडीवर केला.

राहिला तो ठोसा. मी दोनदा आठवण करून दिली की हात आता चालतो, काय ते उरकून टाका. दाजी म्हणतात, ठरवून मारला तर लागायचा नाही, तुझं लक्ष नसताना आपोआप जाईल. तेव्हापासून माझं लक्ष असतंच. त्यांचा डावा मिठाकडे गेला तरी माझी मान खांद्यात जाते. जिना उतरताना मी त्यांच्या उजव्या बाजूनं उतरतो. वीस वर्षं नीट चालत आलेला माणूस मी, आता घरातल्या घरात पाय अडखळतात.

परवा दुपारी जेवताना त्यांनी पंखा बंद करायला डावा हात वर केला. मी खाली वाकलो, तो सरळ ओट्याच्या कडेवर. कपाळ फुटलं, रक्त ताटात. ताई धावली. दाजींनी माझी हनुवटी धरून जखम उजेडात फिरवली, पत्रा बघतात तशी, अंगठ्यानं कडा चाचपली.

"दोन टाके," ते म्हणाले. "पण हे धरायचं नाही. हे तुझं तू मारून घेतलंस. माझं देणं तसंच आहे."